गाणं पोरांचं, खातेवही कंपनीची

आमच्या चाळीच्या गच्चीवर रोज संध्याकाळी चार-पाच मुली मोबाईलवर गाणं लावून नाचतात. गाणं कोरियन भाषेतलं. शब्द एक कळत नाही, पण पाय बरोबर तालावर पडतात. त्यांतली एक बारावीला आहे. परवा मला म्हणाली, "काका, कोरियाची ती हायब कंपनी मुंबईत आलीय. आपल्याकडची पोरं घेणार म्हणे. खरं आहे का?"

खरं आहे. बीटीएस या जगभर गाजलेल्या गटामागची ही कंपनी. तिने २०२५ साली मुंबईत आपली शाखा काढली आणि इथून कलाकार घडवण्याचा मनसुबा जाहीर केला. त्याआधी २०२२ मध्ये ओडिशाची श्रिया लेंका ब्लॅकस्वान या कोरियन गटात निवडली गेली होती. तेव्हा दार अगदीच बंद आहे असं नाही. मुलीच्या आईला काळजी परक्या मुलखाची आणि खाण्यापिण्याची. मी पडलो कारकून माणूस. मला काळजी कराराची. म्हणून या धंद्याचा जमाखर्च कसा चालतो ते थोडं खोलात जाऊन पाहिलं. घरात नाचणारी पोरं असणाऱ्या सर्वच आईबापांच्या उपयोगी पडेल म्हणून इथे मांडतो.

आपल्याकडे गायक आधी गाऊ लागतो, मग कंपनी त्याची रेकॉर्ड काढते. कोरियात उलटं. कंपनी आधी, गायक नंतर. ली सू-मान नावाच्या गायकाने १९९५ साली एसएम एंटरटेनमेंट ही कंपनी उभी केली आणि १९९६ मध्ये तिचा एच.ओ.टी. हा पाच मुलांचा गट बाजारात आणला. त्याच सुमारास वायजी आणि जेवायपी या कंपन्या निघाल्या. पद्धत सगळ्यांची एकच. शाळकरी पोरं हेरायची, त्यांना 'ट्रेनी' म्हणजे शिकाऊ म्हणून ठेवायचं, गाणं, नाच, परभाषा शिकवायची, एकत्र खोल्यांत राहायला लावायचं आणि त्यांतल्या थोड्यांचा गट करून रंगमंचावर आणायचं. किती वर्षं शिकायचं याला धरबंध नाही. ट्वाइस या मुलींच्या गटातली जिह्यो आठ वर्षांची असताना २००५ मध्ये जेवायपीत शिकायला गेली. तिचा गट आला २०१५ साली. दहा वर्षं! ती निदान पोहोचली. अधेमध्ये घरी परतणाऱ्यांची नावं कुणाला माहीत नसतात.

या दहा वर्षांचा खर्च कुणाच्या नावे टाकायचा, ही खरी गोम.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना उचल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. हंगामाआधी मुकादम पैसे देतो आणि मग सहा महिने कोयता चालतो तो उचल फिटेपर्यंत. कोरियातल्या अनेक गायक पोरांचंही असंच उचलीचं खातं असतं. फरक एवढाच, की उचल रोख हातात पडत नाही. ती नाचाच्या मास्तरच्या फीमध्ये, खोलीच्या भाड्यात, कपड्यांत आणि व्हिडिओच्या खर्चात पडते. गट कमवू लागला की आधी कंपनी आपला खर्च वळता करून घेते, उरलं तर वाटणी. मोठ्या कंपन्या शिकवणीचा खर्च स्वतः सोसतात असं सांगतात, पण लहान कंपन्यांत तोही पोरांच्या नावे लागल्याची उदाहरणं आहेत. गाणं सगळीकडे वाजतंय आणि गाणाऱ्याच्या खात्यावर शून्य, असं त्यामुळे होऊ शकतं. वर शिकाऊ मुलाने मधेच सोडलं तर झालेल्या खर्चाच्या दुप्पट-तिप्पट दंड, अशीही कलमं होती. तिथल्या व्यापार आयोगाने २०१७ मध्ये आठ कंपन्यांचे करार तपासून ती बदलायला लावली.

पण आयोगाला हे आपणहून सुचलं नाही. त्याला भाग पाडलं ते आधीच्या पोरांनी. एच.ओ.टी.च्या तिघांनी पैशाच्या वादातून २००१ मध्येच कंपनी सोडली होती. खरा दणका बसला २००९ साली. टीव्हीएक्सक्यू हा एसएमचा पाच जणांचा गट कोरियात आणि जपानात अफाट लोकप्रिय. त्यांतल्या जेजुंग, युचुन आणि जुन्सू या तिघांनी ३१ जुलै २००९ रोजी सोलच्या न्यायालयात अर्ज टाकला. करार तेरा वर्षांचा होता. कोरियात प्रत्येक तरुणाला सक्तीची लष्करी सेवा करावी लागते, तो काळ धरला तर आणखी लांबणारा. करार मोडला तर गुंतवणुकीच्या कित्येक पट दंड. ठरावीक खपाच्या खाली अल्बम राहिला तर आम्हांला विक्रीतून काही मिळत नसे, असंही तिघांचं म्हणणं. आम्ही त्यांना अब्जावधी वॉन दिले आहेत, असं कंपनीचं उत्तर.

त्याच जुलैमध्ये व्यापार आयोगाने नमुना करार काढून मुदतीला सात वर्षांची मर्यादा घातली. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने तिघांना तात्पुरता दिलासा दिला आणि त्यांच्या कामात अडथळे आणू नका असं कंपनीला बजावलं. तिघांनी जेवायजे नावाचा वेगळा गट काढला. मग काय झालं? टीव्हीवर त्यांना कुणी बोलवेना. गाणी खपत होती, कार्यक्रम भरत होते, पण पडद्यावर हे तिघे नाहीत. आपल्याकडे याला वाळीत टाकणं म्हणतात. न्यायालयातला दावा २०१२ मध्ये समझोत्याने मिटला तरी बहिष्कार उठला नाही. २०१३ मध्ये आयोगाने एसएमला आणि कलाकार-व्यवसायाच्या एका महासंघाला अडवणूक थांबवा असा आदेश दिला. शेवटी २०१५ मध्ये प्रसारण कायदा दुरुस्त झाला. लोक त्या दुरुस्तीला जेवायजे कायदाच म्हणतात. कायद्याला आपलं नाव लागणं हा मोठा मान खरा, पण त्यासाठी या पोरांच्या भर उमेदीची सहा वर्षं गेली.

सात वर्षांच्या मर्यादेचा फायदा पुढच्यांना झाला. हायबचं आधीचं नाव बिग हिट. लहानशी कंपनी. तिचा बीटीएस गट आला जून २०१३ मध्ये. मुदत संपायच्या बरीच आधी, २०१८ मध्ये, कंपनीने सातही जणांशी नवा करार केला, कारण आता गरज कंपनीला होती. २०२० मध्ये शेअर बाजारात उतरण्यापूर्वी मालक बांग शी-ह्योक यांनी प्रत्येकाला ६८,३८५ शेअर दिले. विक्रीचा दर होता शेअरला १,३५,००० वॉन. गुणाकार केला तर प्रत्येकी सुमारे ९२३ कोटी वॉन, आपल्या पैशांत पन्नास कोटींच्या वर. गाणारा मालकीत भागीदार झाला, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत मोलाचं वाटतं. पण एवढी ताकद किती जणांच्या हाती येते?

मालकमंडळी मात्र आपली सोय आधी बघतात. एसएमचे ली सू-मान यांची एक खाजगी कंपनी होती. गाण्यांच्या देखरेखीबद्दल ती एसएमकडून विक्रीच्या सहा टक्क्यांपर्यंत रक्कम घेई. विक्रीच्या, नफ्याच्या नव्हे! कॉमर्स शिकलेल्याला यातली मेख लगेच कळेल. खर्च निघो न निघो, त्यांचा वाटा पक्का. भागधारकांनी ओरड केली तेव्हा २०२२ च्या अखेरीस हा प्रकार बंद झाला.

पैशाइतकीच दुसरी गोष्ट नावाची. गटाचं नाव बहुधा कंपनीच्या मालकीचं असतं. बीस्ट गटाने २०१६ मध्ये कंपनी सोडली तर नाव मागेच राहिलं. २०१७ पासून ते हायलाइट या नव्या नावाने गाऊ लागले. शिनह्वा हा १९९८ चा गट. त्यांचं नाव एका कंपनीकडून दुसरीकडे फिरत राहिलं आणि २०१५ मध्ये वाद मिटून ते त्यांच्या हाती आलं, तेव्हा पोरं पस्तिशीची झाली होती.

आता अलीकडचं, आणि आपल्या कामगार वाचकांना चटका लावील असं. न्यूजीन्स हा हायबच्या ॲडोर या शाखेचा मुलींचा गट. त्यांतली हानी १५ ऑक्टोबर २०२४ रोजी कोरियाच्या संसदेच्या कामगारविषयक समितीपुढे उभी राहिली आणि कंपनीत आपल्याला तुच्छतेने वागवलं जातं असं तिने रडत सांगितलं. पुढच्याच महिन्यात कामगार खात्याचा निकाल आला : ही मुलगी कायद्याच्या व्याख्येत कामगारच नाही. कामाचे तास ठरलेले नाहीत, नोकरांचे नियम लागू नाहीत, आणि कर पगारावरचा नसून धंद्यावरचा भरते. सबब छळाच्या तक्रारीला तो कायदा लागू नाही. वीस वर्षांची मुलगी, कधी झोपायचं आणि काय घालायचं हे ठरवणारे दुसरेच, आणि कागदावर ती व्यापारी! लहान मुलांच्या कामाचे तास ठरवणारा वेगळा कायदा तिथे २०१४ पासून आहे. पंधरा वर्षांखालच्यांना आठवड्याला पस्तीस तास. मोठ्यांनी काय करायचं?

त्या गटाने करार मोडल्याचं जाहीर केलं होतं. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाने करार वैध ठरवला. म्हणजे दर वेळी गाणाराच जिंकतो असं नाही. त्याआधी २०२३ मध्ये फिफ्टी फिफ्टीच्या चार मुली, त्यांचं एक गाणं अमेरिकेच्या यादीत सतराव्या क्रमांकापर्यंत चढलेलं, हिशेब नीट मिळत नाही म्हणून न्यायालयात गेल्या आणि हरल्या. चारांपैकी एक परत कंपनीत गेली, तिघींचा करार कंपनीने संपवला.

हे सगळं मी त्या मुलीला गच्चीवर बसून सांगितलं. खर्च कुणाच्या नावे, हिशेबाचा कागद किती महिन्यांनी मिळणार, मुदत कधीपासून मोजणार, सोडायचं झालं तर काय द्यावं लागणार, एवढं तरी विचारायचंच. आणि आपल्याकडे अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय स्वतःचा करार स्वतः करता येत नाही, तेव्हा असा कागद आईबापापुढे येणार. तो घरी आणायचा, मराठीत करून दोघांनी बसून वाचायचा, मगच सही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, कागद वाचू आपण. पण आधी माझा नाच तर बघा. तुम्ही अजून एकदाही पूर्ण बघितला नाही."