गोष्ट हरवली की बैठक?

चार वडीलधारी माणसं एकत्र जमली आणि विषय दूरदर्शनवर आला, की पुढचं संभाषण जवळजवळ ठरलेलं असतं. कुणी ‘चिमणराव’ची आठवण काढतं, कुणी ‘गोट्या’ची. ‘मालगुडी डेज’चं नाव निघालं, की एखादा त्या मालिकेची धून गुणगुणू लागतो. मग गाडी पुस्तकांकडे वळते. ‘श्यामची आई’, ‘फास्टर फेणे’, ‘चांदोबा’, ‘किशोर’. आणि शेवटी एक सुस्कारा : “तेव्हा सगळं कसं घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहण्या-वाचण्यासारखं असायचं! आता मुलांच्या हाती काय आहे?” शेजारी बसलेल्या नातवंडांनी हे इतक्या वेळा ऐकलेलं असतं, की ती हळूच उठून दुसऱ्या खोलीत जातात.

हा सुस्कारा खोटा नाही. पण आपण नेमकं काय हरवल्याचं दुःख करतो आहोत, हे एकदा नीट तपासून पाहायला हवं. कारण दुखणं नेमकं कळलं नाही, तर औषध भलतंच दिलं जातं.

या भावनेला मराठीत ‘स्मरणरंजन’ असा छान शब्द आहे. इंग्रजीतला ‘नॉस्टॅल्जिया’ मात्र रंजनातून जन्मलेला नाही. १६८८ मध्ये योहानेस होफर या तरुण स्विस वैद्यकाने घरी परतण्याची ओढ आणि वेदना या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून तो तयार केला, आणि तो एका आजाराचं नाव म्हणून. घरापासून दूर राहणारी स्विस माणसं झुरणीला लागत, त्यांच्या दुखण्याचं ते निदान होतं. आज त्याला कुणी आजार म्हणत नाही. पण स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट वारंवार आढळली आहे. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यातलं सर्वांत ठळक असं जे आठवतं, त्यात साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा वाटा फार मोठा असतो. म्हणजे प्रत्येक पिढीला आपल्या बालपणीच्या आणि तरुणपणीच्या गोष्टी सर्वांत सरस वाटणार. उद्या आजची मुलंही आजच्या कार्टूनबद्दल असाच सुस्कारा सोडतील.

मग आपल्या सुस्काऱ्यात वयाचा भाग किती आणि तथ्य किती? थोडा इतिहास आठवू. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. चित्र कृष्णधवल, कार्यक्रम संध्याकाळचे काही तास, वाहिनी एकच. रंग आले ते १९८२ मध्ये. आणि झी टीव्ही ही खासगी वाहिनी सुरू झाली तीही २ ऑक्टोबरलाच, १९९२ मध्ये. म्हणजे ज्या काळाला आपण ‘दूरदर्शनचे दिवस’ म्हणून इतकं मोठं स्थान देतो, तो महाराष्ट्रापुरता अवघा वीस वर्षांचा होता. एका पिढीचं बालपण त्यात बसलं, एवढंच.

या वीस वर्षांतल्या आवडत्या मालिकांची यादी केली, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. त्यांतल्या कितीतरी मालिका आधी पुस्तकं होत्या. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी घरोघरी पोचवलेले चिमणराव-गुंड्याभाऊ ही मूळची चिं. वि. जोशी यांची पात्रं. चिं. वि. बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक होते आणि मालिका येण्यापूर्वीच, १९६३ मध्ये, वारले होते. राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेला ‘गोट्या’ ना. धों. ताम्हनकरांचा. सुमीत राघवनने लहानपणी रंगवलेला फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, भा. रा. भागवतांचा. आणि शंकर नाग यांनी कर्नाटकातल्या आगुंबे गावात चित्रित केलेल्या ‘मालगुडी डेज’मधला स्वामी हा आर. के. नारायण यांच्या १९३५ सालच्या पहिल्या कादंबरीचा नायक. त्याच १९३५ साली मराठीत साने गुरुजींची ‘श्यामची आई’ प्रसिद्ध झाली. एका वर्षात भारतीय बालपणाची अशी दोन पुस्तकं यावीत, हा मोठा सुंदर योगायोग आहे. तेव्हा टीव्ही आणि पुस्तक यांचं भांडण आपण समजतो तितकं जुनं नाही. त्या वीस वर्षांत टीव्हीने पुस्तकाचं बोट धरलेलं होतं.

आता दुसरा प्रश्न. हे सगळं साहित्य, या सगळ्या मालिका ‘निर्मळ’ होत्या, ‘घरातल्या सगळ्यांनी पाहण्यासारख्या’ होत्या, म्हणजे नक्की काय होत्या? त्यांत वाईट काही घडत नव्हतं का?

‘श्यामची आई’ पुन्हा उघडून पाहा. आईच्या मायेची, फुलांची, गाईची आठवण आपल्या मनात राहते. पण त्या पुस्तकाच्या कण्यातून कर्ज वाहत जातं. घरावर जप्ती येते, भाऊबंदकी आहे, आजारपण आहे, आणि शेवटी आईचा मृत्यू आहे. गोट्या हा आई-वडील नसलेला मुलगा. स्वामीच्या वर्गात छडी आहे, घरी कडक वडील आहेत. तो शाळेतून पळून जातो, रानात रात्र काढतो, आणि जिवलग मित्र गाव सोडून जातो तेव्हा दोघांतला दुरावा धड मिटलेलाही नसतो. चिमणरावांच्या घरात तर फजिती आणि कुरबुरी यांचाच संसार आहे. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या ‘हम लोग’मध्ये दारूडा बाप होता, हुंड्याचा प्रश्न होता, फसलेली स्वप्नं होती. आपल्या आठवणीने यातला कडू भाग गाळून टाकला आणि साखर तेवढी ठेवली.

तरीही हे सगळं आपण मुलांसमोर निःशंकपणे पाहत आणि वाचत होतो. असं का व्हावं? मला त्याची तीन कारणं दिसतात. एक म्हणजे या गोष्टींत मूल मोठ्यांच्याच जगात राहत होतं. घरातली पैशाची ओढाताण, आजीचं दुखणं, वडिलांचा धाक हे सगळं त्याच्या कानावर पडत होतं आणि त्यात त्याला थोडं कामही होतं. दुसरं, चुकीला परिणाम होता. श्याम चुकला की त्याची चूक कुणाला तरी दुखवते, आणि तो ती स्वतःच्या तोंडाने सांगतो. आणि तिसरं कारण विनोदाचं आहे. चिमणरावांना आपण हसतो, पण ते स्वतःवर आधी हसून मोकळे झालेले असतात. दुबळ्याची टर उडवून मिळवलेलं ते हसू नव्हतं. गोष्ट निर्मळ होते ती अशी. तिच्यातलं दुःख काढून टाकलं म्हणून ती निर्मळ होत नाही.

आणि उपदेश भरला म्हणूनही होत नाही. ‘हम लोग’चीच हकीकत बोलकी आहे. मालिकांमधून लोकशिक्षण करण्याचा मेक्सिकोतला प्रयोग पाहून ती कल्पना आपल्याकडे आली होती. सुरुवातीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा प्रचार ठळक होता आणि प्रेक्षक कंटाळले. मग मनोहर श्याम जोशी यांच्या लेखणीने प्रचाराचा डोस कमी केला, माणसं आणि त्यांचे पेच पुढे आणले आणि लोक त्या कुटुंबात अडकले. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द सांगत, तेही लोक ऐकून घेऊ लागले. गोष्ट आधी पोचली, म्हणून बोध मागाहून पोचू शकला.

पण एवढ्यानेही आपल्या सुस्काऱ्याचं पूर्ण उत्तर मिळत नाही. कारण यांतली पुस्तकं आजही मिळतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. कायद्याप्रमाणे साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपला, आणि आता कोणताही प्रकाशक ‘श्यामची आई’ छापू शकतो. ‘मालगुडी डेज’ इंटरनेटवर हवी तेव्हा पाहता येते. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ पुन्हा दाखवलं आणि लाखो घरांनी ते पाहिलं. फास्टर फेणेवर २०१७ मध्ये आणि ‘श्यामची आई’वर २०२३ मध्ये नवे चित्रपट निघाले. वस्तू हरवलेली नाही. मग हरवलं आहे काय?

हरवली आहे ती बैठक. आणि तिच्याबरोबर वाट पाहणं.

एकच संच, एकच वाहिनी आणि आठवड्यातून एकच भाग. या टंचाईने दोन गोष्टी आपोआप घडवल्या. घरातली तीन पिढ्यांची माणसं, आणि बहुधा शेजारचीही, एकाच वेळी एकाच गोष्टीसमोर बसली. मुलाला एखादा प्रसंग कळला नाही, तर तो विचारायला आजी हाताशी होती. मोठी माणसं कुठे हसतात, कुठे गप्प होतात, हे मूल पडद्याकडे पाहता पाहता टिपत होतं. आणि भाग संपल्यावर पुढचे सात दिवस रिकामे होते. त्या सात दिवसांत गोष्ट शाळेत, नळावर, ओट्यावर पुन्हा पुन्हा सांगितली जाई आणि पुढे काय होणार यावर पैजा लागत. गोष्टीचा मोठा भाग पडद्यावर घडतच नव्हता, तो या मधल्या दिवसांत घडत होता. आज आठ भाग एका रात्रीत पाहून संपवता येतात. पण मग मधले दिवसच उरत नाहीत.

पुस्तकांचंही तेच. ‘चांदोबा’ आणि ‘किशोर’ महिन्यातून एकदा येत. घरात अंक एक आणि वाचणारे चार, त्यामुळे एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. ‘श्यामची आई’ तर मांडलीच आहे अशी. नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी ती लिहिली, पण तिला प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस रात्री. श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना थोडंसं सांगतो आणि थांबतो. एका दमात वाचून संपवण्याचं ते पुस्तक नव्हे, रोज एकत्र बसून ऐकण्याचं आहे. आपण ते मुलाला वाढदिवसाला भेट देतो, “वाच, चांगलं पुस्तक आहे,” असं सांगतो आणि आपल्या कामाला लागतो. मग ते पुस्तक कपाटात पडून राहिलं, की दोष मुलाला देतो.

इथे एक सावधपणाही हवा. ती बैठक सगळ्यांना सारखी मिळत नव्हती. टीव्ही मोजक्या घरांत होता, आणि कितीतरी मुलांनी तो दुसऱ्याच्या दारात उभं राहून, खिडकीच्या गजांतून पाहिला. घरातली सून बऱ्याचदा स्वयंपाकघरातून कानांनीच मालिका पाहत असे. त्या काळच्या पुस्तकांतही आज खटकणाऱ्या गोष्टी आहेत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या म्हातारीला मोळी उचलून द्यायला श्यामला आई सांगते, तो प्रसंग घ्या. आपल्याला तो मायेचा वाटतो. आजचं मूल विचारेल, “पण हे सांगावं का लागलं? आधी कुणीच का उचलली नाही?” हा प्रश्न उद्धट नाही. तो विचारला जाणं, हेच त्या रात्रीचं सार्थक आहे. मात्र उत्तर द्यायला शेजारी कुणीतरी बसलेलं हवं.

म्हणून आपण काय करू शकतो? टंचाई परत आणता येणार नाही, आणि आणूही नये. पण तिने जे घडवलं ते ठरवून घडवता येतं. आठवड्यातला एक वार आणि अर्धा तास पक्का करा. मालिका असेल तर एकच भाग पाहा आणि कितीही मोह झाला तरी बंद करा. पुस्तक असेल तर मोठ्याने वाचा, एका वेळी एकच रात्र किंवा एकच प्रकरण. ओसरी, पत्रावळ, जप्ती असे शब्द अडतील. अडले तर थांबा आणि आपल्या घरातलं उदाहरण देऊन सांगा. मूल कंटाळलं तर त्याला तसं म्हणू द्या. “आमच्या वेळी” हे दोन शब्द त्या अर्ध्या तासात टाळा. आणि पुढच्या आठवड्यात त्याची आवडती मालिका तितक्याच मनाने त्याच्याशेजारी बसून पाहा. बैठक ही दोन्ही बाजूंची असते.

ज्यांची नातवंडं बंगळूरला, लंडनला किंवा न्यू जर्सीला वाढत आहेत, त्यांच्यासाठी तर हे अधिकच महत्त्वाचं. त्या मुलांना मराठी वाचता येत नसेल, पण ऐकून कळतं. आजोबांनी फोनच्या पडद्यावरून रविवारी वाचलेला फास्टर फेणेचा एक प्रसंग हीच कदाचित त्यांची मराठीशी आठवड्यातली एकमेव सलग भेट असेल. ती भेट तुटली, तर पुढच्या पिढीला श्याम आणि गोट्या केवळ नावांपुरते उरतील, आणि पुढे नावंही उरणार नाहीत.

आपल्या बालपणीच्या गोष्टी चांगल्या होत्या, यात शंका नाही. पण त्या आपल्या मनात इतक्या खोल उतरल्या, त्याचं निम्मं श्रेय त्या वेळी आपल्या शेजारी बसलेल्या माणसाचं आहे. ते माणूस होण्याची पाळी आता आपली आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)