ऑनलाइन गटोपचारातील गळती

सात-आठ रुग्णांनी उपचारकासह ठरावीक वेळी एकत्र बसून परस्परांच्या मनाची उकल करणे म्हणजे गटोपचार; तो अर्ध्यावर सोडणाऱ्यांचा अभ्यास अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी १९६६मध्ये प्रसिद्ध केला, आणि जवळिकीची धास्ती, इतरांच्या व्यथांची लागण होण्याचे भय व गटात वेगळे पडल्याची जाणीव ही कारणे त्यातून पुढे आली. ऑनलाइन बैठकीत ही धास्ती ओसरतेच असे नाही. उलट, भिंतीपलीकडे घरचे कोणी ऐकत असेल या शंकेने रुग्ण गप्प राहतो, पडद्यावर नजरेला नजर भिडत नसल्याने त्याची घालमेल उपचारकाला जाणवत नाही, आणि बाहेर पडायला एक कळ दाबणे पुरते. गैरहजर राहिलेल्या रुग्णाला उपचारकाने स्वतः फोन करावा, हे म्हणूनच अत्यावश्यक आहे.