गल्लीतले पाणी आणि ओपीडीतली रांग

मुसळधार पाऊस पडतो त्या दिवशी सरकारी रुग्णालयाची ओपीडी रिकामी असते. रस्त्यावर पाणी, गाड्या बंद, येणार कोण? गर्दी सुरू होते ती पाणी ओसरल्यावर तीन-चार दिवसांनी. आधी उलट्या-जुलाब, मग आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप. केसपेपरवरचे पत्ते पाहिले तर पुष्कळदा त्याच त्या दोन-तीन सखल गल्ल्या निघतात.

मंद्रूप भागात गटाराचा विषय काढला की हमखास उत्तर मिळते, ‘आपल्याकडं पाऊस पडतोय कुठं?’ वर्षाची सरासरी पाहिली तर ते खरे आहे. सोलापूरचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर. पण तो चार महिन्यांत वाटून पडत नाही. जून-जुलै डोळ्यांत पाणी आणतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दोन दिवसांत सगळा हिशेब चुकता होतो. १४ ऑक्टोबर २०२० चा पाऊस कुणी विसरलेले नसेल. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने काय केले तेही आपण पाहिले. मंद्रूप सीना आणि भीमेच्या मधल्या पट्ट्यात आहे, त्यामुळे पूर म्हटले की आपल्याला नदीच आठवते. पण नदी पात्रात असतानाही घरात गुडघाभर पाणी शिरू शकते. तो पूर गल्लीचा असतो, आणि त्याचे गणित अगदी सोपे आहे.

हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी खाली येते. म्हणजे टँकरभर. अशी शंभर घरे एका गटारावर असतील तर सेकंदाला सुमारे १३० लिटर. एक फूट रुंद, एक फूट खोल, बरा उतार असलेले स्वच्छ गटार तुडुंब वाहिले तरी सेकंदाला ९० लिटरच्या आसपास पाणी नेते. त्यात निम्म्यापर्यंत गाळ असेल तर ४५ लिटर नव्हे, त्याहूनही कमी, कारण पाण्याचा वेगही घटतो. रस्त्यावरचे आणि अंगणातले पाणी तर अजून मोजलेलेच नाही. आपली गटारे धुण्या-भांड्यांच्या पाण्यासाठी बांधलेली आहेत, त्यात पावसाने मावावे ही अपेक्षाच चूक आहे. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून, तोही ओहोटीच्या वेळी, आखलेली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर तिथे लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली.

पूर्वी हे पाणी जायचे कुठे? काही मातीच्या माळवदात मुरायचे, उरलेले पन्हाळीतून सावकाश अंगणात पडायचे आणि पुढे ओढ्याला जायचे. आता स्लॅब, सिमेंटचा रस्ता आणि फरशीचे अंगण यांतून थेंबही मुरत नाही. (माळवदाच्या घरांचे गुणगान मात्र करणार नाही. भिजलेली भिंत अंगावर पडून जायबंदी झालेली माणसेही याच पावसात येतात.) काळी माती सुरुवातीला भेगांतून भरपूर पाणी पिते, पण फुगली की भेगा मिटतात आणि वरचे पाणी वरच राहते. त्यात जुन्या रस्त्यावर नवा रस्ता चढवायची आपली पद्धत. प्रत्येक थराने रस्ता वर येतो आणि जुन्या घराचा उंबरठा खाली जातो.

आता आजाराकडे. अनेक गावांत नळाची पाइपलाइन गटाराला खेटून, कधी गटारातूनच जाते. पाणी रोज येत नाही. ते बंद असते तेव्हा पाइपात दाब नसतो, आणि बाहेर घाण पाणी साचलेले असले की जोडाच्या फटीतून ते आत शिरते. नळाला थेट मोटर लावली की ती तेच पाणी ओढून घेते. शेजाऱ्याचे पाणी पळवले असे वाटते, पण त्याबरोबर गटारही घरात येते. म्हणून मोठ्या पावसानंतर नळाचे पहिले पाणी सोडून द्यावे, पुढचे काही दिवस पिण्याचे पाणी उकळी फुटेपर्यंत उकळावे. जुलाब सुरू झालेच तर सलाइनसाठी धावण्याआधी एक लिटर पाण्यात ओआरएसचे एक पाकीट. बाळ सुस्त पडले, लघवी कमी झाली किंवा काहीच पोटात ठरत नसेल तर मात्र घरी थांबू नये.

डासांचे वागणे थोडे उलटे आहे. जोराचा पाऊस गटारातल्या अळ्या वाहून नेतो. पाऊस उघडल्यावर तुंबलेल्या जागी क्युलेक्स डास वाढतो, आणि टायर, करवंट्या, बॅरलमधल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा एडिस. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. धूर फवारून अळी मरत नाही, पाणी ओतून दिले की मरते.

उपाय खर्चिकच असतात असे नाही. सांडपाणी आणि पावसाचे पाणी वेगळे केले की अर्धे काम होते. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने (आपल्या माढ्यातल्या नव्हे, हिमायतनगर तालुक्यातल्या) घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे बंद केली आणि डास कमी केले. शोषखड्ड्यात फक्त सांडपाणी सोडावे. छताचे पाणी सोडले तर तो पहिल्याच पावसात भरून उलटा वाहतो. काळ्या मातीत खड्डा मुरमापर्यंत नेला तरच तो पाणी पितो. गटारावर झाकण हवेच, पण उचलता येईल असे. पक्का स्लॅब ओतला की गाळ काढायचा मार्गच बंद. आणि सफाई मे महिन्यात एकदा करून भागणार नाही. आपला मोठा पाऊस सप्टेंबरचा, तोवर गटार पुन्हा भरलेले असते. ऑगस्टअखेर दुसरी सफाई हवी, आणि काढलेला गाळ त्याच दिवशी उचलला गेला पाहिजे. काठावर ठेवला तर पुढच्या सरीत तो आत जातो.

गुडघाभर पाण्यातून चालावेच लागले तर बूट घालावेत, पायाला जखम असेल तर झाकावी, विजेच्या खांबापासून आणि डीपीपासून लांब राहावे. त्यानंतर महिन्याभरात ताप, पोटऱ्या ठणकणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी लागते. लवकर ओळखला तर साध्या अँटिबायोटिकने तो बरा होतो. रुग्ण ‘ताप आलाय’ एवढेच सांगतात. पाण्यातून चालत आलो होतो, हेही डॉक्टरांना सांगा.