विश्लेषण : ‘मी कोण?’ याचे उत्तर सापडते की घडवावे लागते?

दहावीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो, ‘पुढे काय?’ वरवर पाहता तो शाखा निवडण्याचा प्रश्न असतो. प्रत्यक्षात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आपण ‘तू कोण होणार?’ असे विचारत असतो आणि उत्तर प्रवेश अर्जाच्या मुदतीत हवे असते. या प्रश्नाला घाई मानवत नाही, असे मानसशास्त्र सांगते. ‘स्व’ची ओळख कशी घडते आणि तिच्या शोधात अडखळणे हा दोष का नव्हे, याविषयी...

‘मी’ची जाणीव कधी होते?

मुलाच्या नाकाला त्याच्या नकळत रंगाचा ठिपका लावायचा आणि त्याला आरशासमोर बसवायचे, असा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. वर्षभराचे बाळ आरशातल्या बाळाकडे पाहून हसते, त्याला हात लावू पाहते. साधारण दीड ते दोन वर्षांचे मूल मात्र स्वतःच्या नाकाला हात लावते. समोर दिसतो तो मीच, हे त्याला कळलेले असते. पण ही झाली शरीराची ओळख. आपण कसे आहोत, हे मूल इतरांकडून शिकते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये याला आरशाचीच उपमा दिली. लोक आपल्याकडे कसे पाहतात याविषयी आपली जी कल्पना असते, तिच्यातून आपला ‘स्व’ बनतो, असे त्यांचे म्हणणे. ‘ही फार लाजाळू आहे’ असे पाहुण्यांसमोर वारंवार ऐकणारी मुलगी पुढे बेल वाजताच आतल्या खोलीत जाऊ लागते, ते यामुळेच.

‘आयडेंटिटी क्रायसिस’ हा शब्द आला कुठून?

हा शब्द रुजवला एरिक एरिक्सन यांनी. त्यांचे स्वतःचे आयुष्यच या प्रश्नात गुंतलेले होते. १९०२ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे जन्मलेल्या एरिक यांना आपले जन्मदाते वडील कोण, हे कधीच कळले नाही. ज्यू आईने बालरोगतज्ज्ञ थिओडोर होम्बर्गर यांच्याशी विवाह केला आणि हेच तुझे वडील, असे मुलाला सांगण्यात आले. उंच, सोनेरी केसांचा हा मुलगा ज्यू मुलांत परका ठरे आणि जर्मन शाळेत ज्यू म्हणून हिणवला जाई. तरुणपणी चित्रे काढत ते युरोपभर भटकले. १९२७ मध्ये व्हिएन्नातील एका छोट्या शाळेत शिक्षक म्हणून गेले आणि तेथे अ‍ॅना फ्रॉइड यांच्याकडे मनोविश्लेषण शिकले. नाझी सत्तेवर आले त्याच वर्षी, १९३३ मध्ये, त्यांनी युरोप सोडून अमेरिका गाठली. १९३९ मध्ये नागरिकत्व घेताना त्यांनी ‘एरिक्सन’ हे आडनाव स्वीकारले. त्याचा शब्दशः अर्थ ‘एरिकचा मुलगा’!

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना एरिक्सन आणि त्यांचे सहकारी हा शब्द वापरू लागले. ते सैनिक वेडे झाले नव्हते, सोंगही करत नव्हते. युद्धापूर्वीचा मी आणि आताचा मी एकच आहे, ही खात्री त्यांनी गमावली होती. अशीच उलथापालथ पौगंडावस्थेत सर्वांच्याच वाट्याला येते, असे एरिक्सन यांनी पुढे मांडले. येथे ‘क्रायसिस’ म्हणजे आपत्ती नव्हे, तर जिथून वाट फुटते ते वळण.

चार अवस्था कोणत्या?

एरिक्सन यांची मांडणी तपासता यावी म्हणून जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये दोन निकष वापरले : पर्यायांचा शोध घेतला का आणि कशाशी तरी बांधिलकी जुळली का? त्यातून चार अवस्था निघाल्या. शोधही नाही आणि बांधिलकीही नाही, ती विखुरलेली ओळख. शोध न घेताच बांधिलकी स्वीकारली, ती उसनी ओळख. डॉक्टर आईवडिलांचे रुग्णालय मुलानेच चालवायचे, हे त्याच्या बारशालाच ठरते तशी. शोध चालू आहे पण अजून ठरलेले नाही, तो थांबा. आणि शोधाअंती जुळलेली बांधिलकी, ती कमावलेली ओळख.

या काही चढत्या पायऱ्या नव्हेत. व्यवसायाबाबत ठाम असलेली व्यक्ती धर्माबाबत चाचपडत असू शकते. नोकरी गेल्यावर, मुले घराबाहेर पडल्यावर किंवा निवृत्तीनंतर साठीतही माणूस पुन्हा ‘थांब्या’वर येतो.

गांधींचे उदाहरण काय सांगते?

एरिक्सन १९६२ मध्ये अहमदाबादला आले आणि १९१८ च्या गिरणी संपाच्या निमित्ताने गांधींचा अभ्यास करू लागले. त्यावरील ‘गांधीज् ट्रुथ’ (१९६९) या पुस्तकाला पुलित्झर पुरस्कार मिळाला. गांधींच्या आत्मकथेतील तरुण पाहिला तर ‘थांबा’ म्हणजे काय ते कळते. लंडनमध्ये त्यांनी साहेबी पोशाख, नृत्य, व्हायोलिन असे सारे करून पाहिले आणि सोडले. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, पण तोंडातून शब्द फुटेना. शुल्क परत करून ते निघून आले. शाळेत इंग्रजी शिकवण्याची नोकरी मागितली, तर पदवीधर नसल्याने तीही मिळाली नाही. १८९३ मध्ये ते वर्षभराच्या करारावर दक्षिण आफ्रिकेला गेले आणि तेथील दोन दशकांत सत्याग्रही गांधी घडले. हा गांधी मुंबईच्या त्या तरुणात आयता दडलेला नव्हता.

आपल्याकडे प्रश्न वेगळा आहे का?

काही प्रमाणात आहे. गावात अनोळखी पोराला ‘तू कोण?’ असे विचारत नाहीत, ‘कुणाचा रे तू?’ असे विचारतात. हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले, की अनेक आशियाई समाजांत ‘स्व’ नात्यांमध्ये गुंफलेला असतो, तर अमेरिकेसारख्या समाजात तो सुटा मानला जातो. त्यामुळे घरचा व्यवसाय पुढे नेणारी प्रत्येक मुलगी किंवा मुलगा दबलेलाच असतो, असे नाही. नात्यांचा आधार अडचणीत उपयोगीही पडतो. पण ‘कुणाचा’ या उत्तरात जात आणि घराण्याची प्रतिष्ठाही येते. तिने दिलेली चौकट ज्यांना जाचते, त्यांचा शोध अधिक कठीण असतो. लग्नानंतर आडनाव, काही घरांत नावही, बदललेल्या स्त्रियांना हे वेगळे सांगायला नको.

समाजमाध्यमांनी काय बदलले?

कूलींच्या आरशाला आता आकडे आले आहेत. आपल्याविषयी लोकांचे मत काय, याचा अंदाज बांधावा लागत नाही, ‘लाइक’ मोजता येतात. शिवाय ‘थांब्या’त वेगवेगळी रूपे करून पाहणे आणि टाकून देणे अपेक्षित असते. पूर्वी ती विसरली जात. आता सोळाव्या वर्षीची पोस्ट सव्विसाव्या वर्षी समोर येऊ शकते.

पणाला काय लागते?

पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांकडे पाहिले की हे समजते. गावाकडे ‘साहेब होणार’ ही ओळख निकालाआधीच लागलेली असते. तीन-चार प्रयत्न फसले तर केवळ पद हुकत नाही, ‘मी’च खोटा ठरल्यासारखे वाटते. म्हणून अनेक जण सणालाही घरी जायचे टाळतात. एकाच उत्तरावर सारा ‘स्व’ टांगला की असे होते.

घरच्यांना येथे बरेच करता येते. ‘काय झाले निकालाचे?’ याआधी ‘जेवलास का, सध्या काय वाचतोस?’ असे विचारता येते. क्रिकेट, शेती, शिकवणी, मित्रांचे गट यांतील त्याची ओळख परीक्षेच्या काळातही जिवंत ठेवता येते. अपयशाची गोष्ट सांगताना ‘चार वर्षे वाया गेली’ असे म्हणायचे की ‘चार वर्षे तयारी केली, आता दुसरे काम शोधतोय’ असे, यानेही फरक पडतो. माणूस आपली ओळख गोष्टीच्या रूपात बांधतो, असे डॅन मॅकअ‍ॅडम्स यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ मानतात. ती गोष्ट पंचविशीत संपत नाही आणि पुढचे प्रकरण लिहिण्याची मुभा घरातूनच मिळावी लागते.