केबिनमधली बुरशी म्हणजे नुसता डाग नव्हे

शिडाच्या बोटीच्या केबिनमध्ये काळे ठिपके दिसले की बहुतेक जण ब्लीच फवारतात. ठिपके फिके पडतात. लाकडात शिरलेले कवकतंतू (बुरशीचे मुळांसारखे बारीक धागे) मात्र टिकू शकतात. त्यांना पोसतो ओलावा. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसे झोपलेल्या माणसांच्या श्वासातले बाष्प गाद्यांमागच्या गार भिंतीवर जमते. खारे पाणी सुकलेल्या गाद्या तर हवेतला दमटपणा ओढूनच घेतात; त्या गोड्या पाण्याने धुवून खडखडीत वाळवाव्यात. ठिपके मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसावेत. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. एरवी झडपा उघडून वारा खेळवणे पुरते. कोकणातल्या पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली, तेव्हा आर्द्रताशोषक यंत्र (हवेतले बाष्प काढणारे) लावलेले बरे.