चौकोनाचा आतला कोपरा

समजा, एपीएमसी मार्केटच्या फळबाजारात एका गाळ्यासाठी टेबल करायचं आहे. हापूसचा हंगाम आला की पेट्यांच्या थप्प्यांमधून वाट काढावी लागते. म्हणून टेबल असं हवं की मेहताजींना लागेल तेव्हा मांडता यावं आणि एरवी सुटं करून भिंतीला टेकवता यावं. खिळा नको, स्क्रू नको. फळ्याच एकमेकींत अडकल्या पाहिजेत.

हातात आहे आठ बाय चारची प्लायची एक शीट आणि सीएनसी राउटर. हे यंत्र तुम्ही पाहिलं नसेल, पण त्याचं काम नक्की पाहिलं आहे. देव्हाऱ्यामागची एमडीएफची नक्षीदार जाळी बहुतेक वेळा त्यानेच कापलेली असते. संगणकावर टेबलाचे भाग रेखाटायचे, मग सॉफ्टवेअर त्या रेषांचे हुकूम बनवतं. 'जी 1 एक्स 400 वाय 250' म्हणजे 'कापत कापत या बिंदूपर्यंत सरळ जा'. असे हजारो हुकूम. यंत्राला टेबल ठाऊक नसतं, फक्त पुढचा बिंदू ठाऊक असतो.

ही युक्ती जन्मली हेलिकॉप्टरच्या पात्यांपायी. 1940च्या दशकात अमेरिकेत जॉन पार्सन्स यांना त्या पात्यांच्या वळणाचे अचूक आकार हवे होते. वळणावरचे बिंदू त्यांनी पंचकार्डांच्या यंत्रावर गणित करून काढले. पुढे एमआयटीने ते काम हाती घेतलं आणि 1952 साली भोकं पाडलेल्या कागदी फितीवर चालणारं मिलिंग यंत्र लोकांसमोर चालवून दाखवलं.

आता कापायला लागू. राउटरचं बिट 6 मिलिमीटर जाड, सुताराच्या मापात जेमतेम दोन सूत. ते मिनिटाला 18,000 फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला 300. एवढ्या वेगाला घाबरून नवशिका बिट हळूहळू पुढे सरकवतो, आणि लाकूड जळतं! दोन धारांचं बिट मिनिटाला 6 मीटर पुढे गेलं, तर प्रत्येक धार दर फेरीला मिलिमीटरचा सहावा हिस्सा चावते. त्यातून जो भुसा उडतो, तो उष्णताही घेऊन जातो. चाल फार मंद ठेवली, की धार कापायचं सोडून नुसती घासत राहते. इथे जपून चालणंच महागात पडतं.

आणि शीट हलू नये म्हणून? मोठ्या यंत्रांत खालून हवा ओढून घेतात. निम्मी हवा काढली तरी वरची हवा त्या एका शीटला सुमारे 15 टनांच्या जोराने दाबून धरते. आपण ज्या हवेत बिनदिक्कत हिंडतो, तीच ही. तळहाताएवढ्या तुकड्याच्या वाट्याला मात्र जेमतेम 50 किलो येतात, आणि बिटाचा धक्का आडवा असतो. म्हणून छोटे तुकडे कधीकधी उडतात, आणि त्यांना शीटशी जोडून ठेवायला मध्येमध्ये पातळ पूल राखावे लागतात.

पण मला सगळ्यात गंमत वाटते ती कोपऱ्याची. बिट गोल आहे. बाहेरचा कोपरा ते बाहेरून वळसा घालून गुण्या लावावा इतका काटकोनात काढतं. आतला कोपरा मात्र त्याला जमतच नाही, तिथे 3 मिलिमीटर त्रिज्येची गोलाई उरतेच. कितीही महाग यंत्र आणा, गोल बिटाने आत चौकोन निघत नाही. आपल्या टेबलाची सगळी भिस्त खाचांवर, आणि त्या गोलाईमुळे चौकोनी कुसू, म्हणजे फळीचं खाचेत शिरणारं टोक, शेवटपर्यंत बसणार नाही.

सुतार पटाशी घेऊन दोन ठोक्यांत हा प्रश्न सोडवतो. पटाशी न उचलता सोडवायचा तर बिटाला कोपऱ्याकडे तिरकं आणखी सव्वा मिलिमीटर ढकलायचं. तेवढ्याने बिटाची कड कोपऱ्याच्या टोकाला टेकते, थोडं लाकूड जास्त जातं आणि कुसू बसतं. राउटरवर केलेल्या फर्निचरच्या सांध्यांत कोपऱ्याला जे छोटे गोल कान दिसतात, ते हेच. काही जण ते लपवतात. मला उघडे आवडतात, वस्तू कशी झाली ते त्यांवरून कळतं.

हे टेबल फाइल म्हणून कुठेही पाठवता येईल. पुणे जिल्ह्यात पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबागांनी उभारलेल्या विज्ञान आश्रमात, 2002 पासून फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या अशा यंत्रांची कार्यशाळा, आहे. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या काही लॅबांपैकी ती एक. तिथेही हेच टेबल निघेल. फक्त खाचेची रुंदी आयती घेऊ नये. प्लाय 18 मिलिमीटरची म्हणून विकली जाते आणि मोजावी तर कधी साडेसतरा भरते, आणि त्या अर्ध्या मिलिमीटरवर टेबल डुगडुगतं. आधी कॅलिपर लावावा, मग फाइलमधला आकडा बदलावा, आणि सगळी शीट कापण्याआधी एक खाच टाकाऊ तुकड्यावर करून पाहावी.