उंबरठ्यावरचा कोळसा

सण किती मोठा, हे पंचांगापेक्षा हजेरीपटावरून अधिक कळते. आमचे आयुष्य कामगारांच्या सुट्ट्यांसाठी भांडण्यात गेले. तरी ही गोष्ट पुरती उमगली ती दहाएक वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी एक हिवाळा काढला तेव्हा.

तेथे डिसेंबरअखेर सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारला मावळतो. अशा अंधारात माणसाला दिवा, ऊब आणि सोबत हवीच. विलायतेतला सण म्हणजे नाताळ, ही आमची समजूत. परंतु स्कॉटलंडचा जुना मोठा सण ३१ डिसेंबरच्या रात्रीचा. त्याला 'हॉगमने' म्हणतात.

याचे कारण इतिहासात आहे. १५६० साली तेथे धर्मसुधारणा झाली. नाताळला बायबलात आधार नाही, असे नव्या चर्चचे मत पडले आणि १६४० साली स्कॉटिश पार्लमेंटने नाताळची सुट्टीच रद्द केली. पुढे कायदे बदलले, पण वळण राहिले. कित्येक पिढ्या कामकरी माणसे नाताळच्या दिवशी कामावर जात आणि नववर्षाला सण करीत. नाताळ सार्वजनिक सुट्टी झाला १९५८ साली. दुसऱ्या दिवसाची सुट्टी तर १९७४ साली मिळाली.

हॉगमनेपूर्वी घर झाडावयाचे, चुलीतली राख काढावयाची, देणी फेडावयाची, ही रीत. बारा वाजून गेल्यावर उंबरठा ओलांडणारा पहिला पाहुणा काळ्या केसांचा पुरुष असावा. त्याने कोळसा, लोण्याची बिस्किटे आणि व्हिस्की आणावी, म्हणजे वर्षभर घरात ऊब आणि अन्न कमी पडत नाही. घरमालकीणबाईंनी आमच्या डोक्याकडे पाहिले आणि हाती कोळसा देऊन आम्हांलाच जिन्यात उभे केले! कानशिलावरचे पांढरे केस त्यांनी माफ केले.

आत आलो, गळाभेटी झाल्या. टेबलावर एक ताट मात्र झाकलेले होते. घरची मुलगी एका मोठ्या दुकानात नोकरीला. पहाटेची पाळी म्हणून ती नऊलाच निजली होती. २००७ च्या कायद्याने तेथील मोठ्या दुकानांना नाताळच्या दिवशी विक्रीची मनाई झाली. १ जानेवारीची मनाई मात्र सरकारने हुकूम काढला तरच लागू व्हावयाची, आणि तो हुकूम निघालेला नव्हता. जो दिवस त्या लोकांनी शतकानुशतके आपला मानला, त्याच दिवशी ती पोर गल्ल्यावर उभी!

बाईंनी आम्ही आणलेल्या कोळशाचा एक तुकडा लेकीच्या दाराशी ठेवला. बोलल्या काहीच नाहीत.

श्रोतेहो, येत्या लक्ष्मीपूजनाला आपण संध्याकाळी खरेदीस जाल, तेव्हा गल्ल्यावरच्या मुलीला एवढेच विचारा : बाई, तुझ्या घरची पूजा किती वाजता?